आईची आई, तिची आई

लेकीचं, दिनाचं पत्र आलं तेव्हा हायमजी फिटर रेच्याखाली, सरकी काढायच्या यंत्राखाली उताणे पडले होते. मार्गशीर्षातले दिवस. जिनिंगच्या आवारापासून पार गावाच्या वेशीपर्यंत कापसाच्या गाड्या लागलेल्या, गाडीवान बिड्या फुंकत एकमेकांशी भांडणं उकरून काढणारे, आणि नेमका त्याच दिवशी सात नंबरचा रेचा बंद पडलेला. रुळाचं चामडं गुळगुळीत झालं की कापूस नुसता घोळत राहतो, सरकी काही सोडत नाही. मग रूळ काढा, घासा, त्यावर नव्या खाचा पाडा. हे काम आख्ख्या मूर्तिजापूर तालुक्यात हायमजींसारखं कुणाला जमत नसे. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण हात अजून तसूभर हलत नव्हता.

"जवाईबुवा, परदेशचं पाकीट हाये!" पोस्टमन ओरडला. "तिकिटं मले द्या बरं मांगून!"

सांगवी गाव त्यांना जवाईबुवाच म्हणायचं. मूळचे कोकणातले, किहीमचे. बेने इस्रायल किंवा नुसतं 'इस्रायल', म्हणजे शनिवार पाळणारे ज्यू लोक. बत्तीस साली मुंबईच्या गिरणीतून इथे हेल्पर म्हणून आले आणि इथल्या फिटरच्या मुलीशी, मिल्काशी लग्न करून इथलेच झाले. मिल्काची आई सारूबाई. सारूबाईचे आईबाप दाऊदजी आणि एलीबाई, जिनिंगच्या पहिल्या इंजिनाबरोबर कोकणातून आलेलं जोडपं. फिटरकी त्या घरात तीन पिढ्या चालली. आता घरात उरले होते एकटे हायमजी. दिना दोन वर्षांपूर्वी काकाबरोबर इस्रायलला गेली, आणि गेल्या उन्हाळ्यात मिल्का वारली. दहा कोसांत दुसरं इस्रायल घर नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी हायमजी आपल्याच हातानं दिवा लावायचे, आपणच प्रार्थना म्हणायचे आणि शेवटचं 'आमेन'ही आपणच म्हणायचे. कसलं जिणं ते!

हात पुसून त्यांनी पाकीट फोडलं. "बाबा," दिनानं लिहिलं होतं, "माझं लग्न ठरलं आहे. मुलाचं नाव योसेफ, घरचे इराककडचे. पण इथे लग्न धर्मगुरूंच्या कचेरीतच लागतं आणि आपल्या लोकांना ते वेगळं काढतात. म्हणतात, तुमच्यात मागे बाहेरचं कुणी मिसळलं असेल. आईची आई कोण, तिची आई कोण, ती इस्रायलच होती का, हे सिद्ध करा, मग लग्न. आपली माणसं रस्त्यावर उतरली आहेत, पण त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. योसेफची आई म्हणते, वसंतातल्या सणापर्यंत कागद आला तर ठीक, नाहीतर हे सोडून द्या. मुंबईच्या सिनेगॉगातली मंडळी सही-शिक्का देतात, फक्त त्यांना गावातल्या जुन्या माणसांची साक्ष आणि पंचायतीचा दाखला लागतो. बाबा, आपल्या पोथीत सगळं लिहिलेलं आहे ना? ती पाठवून द्या. मला फार भीती वाटते."

हायमजी कापसाच्या गंजीवर बसले.

पोथी होती ना! दाऊदजींच्या वेळची प्रार्थनेची पोथी. पुढच्या चार कोऱ्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू, सगळं मोडीत उतरवलेलं. पण तिला वाळवी लागली होती, पानं हातात घेतली की भुगा व्हायची. आणि देवाचं नाव असलेला कागद इस्रायल माणूस जाळत नाही, फेकत नाही. तो मातीला द्यायचा. मिल्काला मातीत ठेवलं तेव्हा हायमजींनी ती पोथी स्वच्छ फडक्यात बांधून तिच्या उशाशी ठेवली. शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर केलं होतं. मोडी त्यांना वाचता येत नव्हती आणि पुरण्याआधी कुणाकडून वाचून घ्यावी, हे काही त्यांना सुचलं नाही.

"मंग उकरा ना," खुशालराव सरपंच सरळ म्हणाले. संध्याकाळी हायमजी त्यांच्या ओट्यावर गेले होते. "चार हात तं माती हाये. दोन मानसं देतो मी."

"माणसाला एकदा मातीला दिलं की हलवत नाहीत, खुशालराव. आणि राहिलं काय असेल तिथं? वाळवी, त्यात आख्खा पावसाळा."

"हे बी खरं." खुशालराव साठीचे, काळ्या जमिनीचे मोठे कास्तकार, बोलणं दगडासारखं, मन तसं नव्हे. "दाखला मी देतो, शिक्का मारतो. पन साक्ष पायजेन थ्या वक्ताची. मी सारूबाईले पाह्यलं थे तिचं लगन झाल्यावर. लय कडक बाई. शनवारी चूल पेटवत नव्हती. पन तिचा जलम? माह्या आठवनीच्या मांगचं काम हाये. गावात आता एकच मानूस उरलं. गंगूबाई."

गंगूबाई म्हणजे जिनिंगात कवडी वेचणारी म्हातारी. चांगल्या कापसातून डागी, किडकी बोंडं बाजूला काढायची, हे काम ती दहा वर्षांची असल्यापासून करत आलेली. आता सत्तरीला टेकली होती, डोळ्यांत फूल पडलं होतं, तरी बोटांना बरोबर कळायचं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हायमजी तिच्यापाशी जाऊन उकिडवे बसले.

"गंगूबाई, तुला सारूबाई आठवते का? माझी सासू. लहानपणची?"

बोटं थांबली. फक्त क्षणभर.

"काहून?"

त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली, कवडी टोपलीत टाकत राहिली. शेवटी म्हणाली, "मानसाच्या आजीचा हिशोब मांगते का लगनाले? अजब लोक हायेत बाप्पा. सहा वरसं झाले, आमी आख्ख्या वाड्यानं धरम बदलला, बुद्धाचे झालो. मले तं कोनी इचारलं नाई, तुही आजी कोन होती म्हनून."

"तुला माहीत आहे का ते सांग ना."

"आता काम करून राह्यली मी. शनवारी या घरी. तुमाले सुट्टी रायते."

शनिवारची सुट्टी म्हणजे सुद्धा एक दुखणंच होतं. जुने मालक ती मुकाट्यानं देत. नवा म्यानेजर दर शुक्रवारी चारचौघांत विचारायचा, "काय फिटर, उद्या देव रागावणार का पुन्हा?" आणि हेल्पर फिदीफिदी हसायचे. त्या शुक्रवारीही हसले. हायमजी खाली मान घालून पाने-पकडी गोळा करत राहिले.

शनिवारी ते धुतलेला सदरा घालून गंगूबाईकडे गेले. तीस वर्षांत गावकुसाबाहेरच्या त्या वाड्यात ते दोनदा गेले असतील, दोन्ही वेळा कामावर बोलवायला. मातीचं घर, पण सारवलेलं, चकचकीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर. गंगूबाईनं पोतं अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, दार लोटून घेतलं.

"शनवारी तुमी लेहत नाई, हे मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "म्हून शनवारी बलावलं. मी सांगतो थे आयका, अन् कुठी लेहू नोका."

हायमजींना काही समजेना.

"संवत छप्पनच्या काळाचं सांगतो, साठ वरसाच्या मांगच्या मोठ्या दुष्काळाचं. मी सहा-सात वरसाची होती. पावसाचा थेंब नाई. बाप पटकीनं मेला. माय सरकारी कामावर खडी फोडे, मी खडीच्या पाट्या वाहो. माही धाकटी बहीन तीन वरसाची. तिचे पाय काड्यावानी झालते, उभी राहे ना. डोळे तेवढे मोठे. एक दिस एलीबाई आली. तिचे तीन लेकरं जलमूनच गेले होते. माहीत नाई काय बोलल्या दोघी. मायनं पोट्टी तिच्या वटीत टाकली, अन् मांगं न पाहता खडी फोडाले लागली."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"नदीत डोहाले तेवढं पानी होतं. एलीबाईनं तिले तथी नेलं. तीन डाव बुडवली, वरतून काहीतरी म्हनलं, नवा झगा घातला. मंग घेऊन गेली कोकनात. वरसानं आली तं पोट्टी गुटगुटीत. अर्धं गाव मेलं होतं, अर्धं पांगलं होतं. कोन वळखते? सारू म्हनाले लागले तिले."

तीन बुडक्या कशासाठी असतात हे हायमजींना माहीत होतं. बाहेरच्या माणसाला आपल्यात घ्यायचं असलं की तसंच करतात. पण त्याला तीन जाणती माणसं लागतात, कागद लागतो. दुष्काळातल्या डोहात एकट्या एलीबाईनं दिलेल्या बुडक्या ते तिकडचे धर्मगुरू थोड्याच मानणार होते!

"सारूबाईला ठाऊक होतं?"

"नाई. मायनं मले शपथ घातली होती. मी दहा वरसाची झाल्यावर जिनिंगात लागली. रोज दिसे मले ती. एकडाव उन्हाचं पानी मांगतलं म्या. तिनं देल्लं. वरतून, वंजळीत. भांड्याले हात लागू नोये म्हनून." गंगूबाईनं पदरानं नाक पुसलं. "तिचा काय दोस? गावाची रीतच थे होती. मी पेली अन् कामाले गेली. तिच्या मिल्काले खेळवाची लय इच्छा होती मले, पन कसं बोलता? मिल्का मेली तवा आली होती मी. म्हनलं, तिच्या आंगावर दोन तांबे पानी मी घालतो. तुमी घराच्या आवाराच्या बाहीर उभं केलं मले. म्हनलं तुमी, 'आमच्यातल्या बाया येऊन राह्यल्या अकोल्याहून.'"

हायमजींना तो दिवस आठवला. वैशाखातलं ऊन, अकोल्याच्या रेल्वे कॉलनीतून येणाऱ्या दोन बायकांची वाट, आणि कुंपणाला धरून उभी राहिलेली ही म्हातारी. तेव्हा त्यांना वाटलं होतं, काय हिचा आगाऊपणा!

"मला माफ करा, गंगूबाई."

"कायची माफी आता."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कवा?"

तो शनिवार हायमजींनी कसा काढला त्यांचं त्यांना माहीत. डोक्यात एकच चक्र. खरं लिहावं तर पोरीचं लग्न मोडलं. नुसतं लग्न नव्हे, त्या परक्या मुलखात तिला सांगतील, तू आमची नाहीस. मग ती कुणाची? खोटं लिहावं तर देवापुढं खोटी सही. आणि मिल्का? जिनं लग्नानंतर एकाही शुक्रवारी दिवा चुकवला नाही, बाळंतपणातसुद्धा चुकवला नाही, ती इस्रायल नव्हे? मग मी कोण मोठा लागून गेलो? चूल पेटवायची नव्हती म्हणून सकाळची थंड भाकरी होती. ती तशीच राहिली. रिकाम्या घरात ते मोठ्यानं म्हणाले, "मिल्का, काय करू गं?" आणि स्वतःच्याच आवाजानं दचकले.

सोमवारी सकाळी पंचायतीत बोलावणं होतं. जाताना ते गंगूबाईच्या दारात थांबले.

"खोटं सांगा असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "खरं सांगा असंही मला म्हणवत नाही."

म्हातारीनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, डोक्यावरून पदर घेतला होता. "आंगठा कुठी लागते तेवढं सांगा," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

पंचायतीच्या खोलीत खुशालराव, सेक्रेटरी आणि शिक्क्याची पेटी. सेक्रेटरीनं सवयीनं गंगूबाईला पायरीकडे बोट दाखवलं. खुशालराव गुरगुरले, "साक्ष द्याले आली थे. आत येऊ द्या. खुर्ची द्या." ती खुर्चीच्या टोकावर बसली, पाय जमिनीला पुरेनात.

"सारूबाई ही कोणाची मुलगी?" सेक्रेटरीनं टाक बुडवला.

"दाऊदजी फिटरची अन् एलीबाईची."

"पोटची?"

"पोटची. माही माय सुईनपन करे. तिच्याच हातानं झाली. मी बाहीर बसली होती. पयला आवाज म्या आयकला." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. हायमजी मात्र टेबलाच्या पायाकडे बघत राहिले.

"एलीबाई इस्रायल जातीच्या होत्या?"

"कोकनातल्या. शनवार पाळे. त्याईच्यात बाहीरचं कोनी कवाच आलं नाई."

"आता शेवटचं. साक्षीदाराचं अर्जदाराच्या घराण्याशी काही नातं?"

गंगूबाई पदराचं टोक बोटांत चुरत राहिली. खुशालराव सहज म्हणाले, "रीत हाये लेहाची, बुढे. सांग."

"आमचं कायचं नातं बाप्पा!" गंगूबाई म्हणाली. "थे जिनिंगातले सायेब लोक. आमी कवडी वेचनारे."

सेक्रेटरीनं तिचा अंगठा शाईत दाबला. कवडी वेचून वेचून अंगठ्याच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या. पहिला ठसा नुसता डाग उमटला. "नीट दाब, बुढे," तो वैतागला. तिनं दुसऱ्यांदा दाबला, दुसऱ्या हातानं मनगट धरून, सगळा जोर लावून. मग कागद हायमजींपुढे आला. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' खाली त्यांनी सही केली, हायम मोझेस किहीमकर. 'किहीमकर'मधला 'र' कागदाबाहेर गेला.

बाहेर आल्यावर ते काही बोलणार, तोच म्हातारी म्हणाली, "माह्या मायनं एकडाव पोट्टी देल्ली. आज म्या देल्ली. आता जा तुमी, पोष्टाचा टाइम होते." आणि ती वाड्याच्या वाटेला लागली. तिच्यासोबत चार पावलं जावं असं हायमजींना फार वाटलं. पण पारावर माणसं बसली होती, काय म्हणतील म्हणून ते गेले नाहीत.

जिनिंगचा हंगाम संपला. फाल्गुनात गाड्या थांबल्या, आवार मोकळं झालं, पट्टे उतरवून ठेवले. कवडी वेचणाऱ्या बायांना रजा मिळाली. रोज दिसणारी गंगूबाई दिसेनाशी झाली आणि हायमजींना आवारात करमेना. जेवणाच्या सुट्टीत ते उगीच तिच्या जागेकडे बघायचे.

चैत्रात पत्र आलं. लग्न झालं होतं. "बाबा, तुमच्या कागदाची तिथं फार वाखाणणी झाली. जन्माच्या वेळी हजर असलेल्या बाईची साक्ष दुसऱ्या कुणापाशीच नव्हती. योसेफच्या आईनं स्वतः माझ्या डोक्यावर हात ठेवला. ती गंगूबाई कोण? मला तर नीट आठवतही नाही. माझा नमस्कार सांगा तिला." सोबत फोटो. पांढऱ्या कपड्यात दिना, डोळे मोठे.

हायमजी भर दुपारी निघाले. पारावर माणसं होतीच. ते त्यांच्या समोरून वाड्यात गेले. गंगूबाई खाटेवर पडली होती, ऊन लागलं होतं तिला. फोटो तिनं डोळ्यांपाशी नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला.

"दिसत नाई नीट. नाक कसं हाये?"

"बसकं. टोकाला जरा वर."

"सारूचं," ती म्हणाली. फोटोवरून बोट फिरवत राहिली. "लगन झालं ना? बास झालं."

हायमजींनी पिशवीतून वही काढली. नवी, पुठ्ठ्याची, मूर्तिजापूरहून आणलेली. आज सोमवार होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"तुमच्या आईचं नाव काय, मावशी?"

म्हातारीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सत्तर वर्षांत कुणी तिला तिच्या आईचं नाव विचारलं नव्हतं. पंचायतीतसुद्धा नाही.

"मैना," ती म्हणाली. "आमचं माहेर म्हनजे मायचं माहेर कुरमाकडचं. तिची माय राही. राहीले मी पाह्यलं नाई, पन माय सांगे, लय उंच होती, जात्यावर गाने म्हने. अन् राहीची माय धुरपता. तिच्या मांगचं नाई ठाऊक."

हायमजी लिहीत गेले. दिना, मिल्काची. मिल्का, सारूची. सारू, मैनाची, गंगूबाईची धाकटी बहीण, छप्पनच्या दुष्काळात एलीबाईला दिली. मैना, राहीची. राही, धुरपताची. खडीचं काम लिहिलं, डोह लिहिला, ओंजळीतलं पाणी लिहिलं. आवाराबाहेर उभं केलेलं लिहिताना थांबले, मग तेही लिहिलं. दोन पानं झाली. त्यांनी ती वाचून दाखवली.

"हे दिनाले धाडता?"

"नाही. धाडलं तर तिचं सगळं मोडेल."

"मंग कोनासाठी लेहलं?"

हायमजींनी खूप विचार केला. त्यांच्यामागं त्या घरात कुणी राहणार नव्हतं. गंगूबाईला वाचता येत नव्हतं. गावात कुणाला दाखवायची सोय नव्हती.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"बरं," गंगूबाईनं डोळे मिटले. "आनखी एकडाव वाचा. मायचं नाव येते तथी जरा मोठ्यानं."

हायमजींनी चष्मा सारखा केला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.